आजोबांचा व्हाइस

वर्धा, तान्हा पोळा

चि. भाच्यास,

आजोबांचा व्हाइस पुण्याला पाठवा, सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग करून दिवाणखान्यात ठेवतो, असं तू कळवलंस. दिवाणखान्यात ठेवायचा असेल तर तो इथेच बरा. काम करणार असशील तर पुढचं वाच.

गंजाचं फार मनावर घेऊ नकोस, तो सोड्यानं सुटला. टबभर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घातला, साध्या बॅटरी चार्जरची ऋण तार व्हाइसला लावली आणि धन तार जुन्या सळईला. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील कधी लावू नये, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून टब परसात उघड्यावर. जुना रंगही पाण्यातच फुगून सुटला. कोरडा घासला असता तर त्यातलं शिसं छातीत गेलं असतं; घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, आणि हा रंग तर आजोबांच्या हातचा.

खरं दुखणं निघालं पुढच्या जबड्याच्या मुळाशी. रॉकेल लावून पुसलं, वर खडूची पूड भुरभुरली, तर पुडीवर बारीक ओली रेघ उमटली. चीर! बीड दाब कितीही सोसतं, ताण नाही. व्हाइस आवळला की जबडा बाहेर वाकू पाहतो आणि आतल्या अंगाला ताण बसतो. हँडलमध्ये पाइप घालून कुणीतरी जोर लावलेला दिसतो. जिनिंगच्या भंगारातून आलेला माल, कुणी ते कोण सांगणार? साध्या रॉडनं वेल्डिंग केलं असतं तर शेजारीच तडकलं असतं. म्हणून इथल्या एका जुन्या कारागिराकडून पितळेचं ब्रेझिंग करून घेतलं. आधी सगळा जबडा सावकाश तापवला, नंतर राखेत पुरून रात्रभर निववला. पिवळी रेघ दिसते. दिसू दे, रंगाखाली झाकू नकोस. पुन्हा चीर गेली तर तिथेच कळेल.

स्क्रू उलटा फिरवताना थोडा मोकळा जातो, त्याला खोट समजू नकोस. आवळताना आट्यांची एकच बाजू भार घेते. लेथवर ढिलाई खटकते, इथे नाही. आटे धारेसारखे पातळ झाले तरच नट बदलायचा. आपले अजून जाड आहेत.

मध्यंतरी मगनवाडीत मगन संग्रहालयात गेलो होतो. गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ ला उघडलेलं, चरख्यासाठी झिजलेल्या मगनलाल गांधींच्या नावाचं. लोक चाक बघतात, सूत बघतात. पण चाती जराशी वाकली की सूत तुटतं, आणि ती सरळ करायला कुणीतरी घट्ट धरून ठेवणारं लागतं. त्या धरणाऱ्याची आठवण कुणाला नसते. मला मात्र तिथे आपला व्हाइसच आठवत राहिला. (मामीच्या मते मला हल्ली दुसरं काही आठवतच नाही.)

आज सकाळी शेजारच्या पोराच्या लाकडी बैलाचं चाक त्यातच धरून बसवलं. जबड्यात सागाच्या पट्ट्या घातल्या, नाहीतर लाकडावर दात उमटतात. जबड्यांच्या पोलादी पट्ट्या मात्र झिजल्यात, त्या तू तिकडे करून घे. भोकांची मापं मागे लिहिली आहेत. न्यायला येशील तेव्हा गाडी घेऊन ये, एसटीत चढवायचं ओझं नव्हे.

तुझा,
मामा