टायरचं वय

परवा यलोस्टोनला निघायचं आणि ट्रेलरच्या टायरवरून मन थाऱ्यावर नाही. नक्षी अजून चांगली खोल आहे. गोटा झाले असते तर प्रश्नच मिटला असता. दुपारी गुडघे टेकून कडेवरच्या ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचले: ३२१८. म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा.

ट्रेलरचा टायर झिजण्याआधी उभ्याउभ्याच म्हातारा होतो. ऊन आणि ओझोन रबर कोरडं करतात. टायर फिरता राहिला तर रबरातलं मेण वर येऊन थोडी राखण करतं, पण आमचा ट्रेलर वर्षाचे बहुतेक महिने एका जागी. अंगठ्याने बाजू दाबली तर केसाएवढ्या भेगा उघडल्या.

ही म्हणते, “अहो, दिसतात तर धडधाकट!” दिसतात खरे. पण भर उन्हात, भरल्या ट्रेलरखाली एखादा फुटला, की त्याच्या चिंध्या वरचा पत्रा, वायरिंग सगळं ओरबाडून काढतात. हवा पूर्ण भरून ताशी पासष्ट मैलांच्या आत हाकू, हा नुसता मोह. पाच-सहा वर्षांत बदलावेत म्हणतात. ती कधीच उलटून गेली.

उद्या चारही बदलायचे. स्टेपनीसुद्धा; तिचा आकडा त्याहून जुना निघाला.