कायम

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की उर्दूत त्याला ‘कायम’ म्हणतात. ना कोणी जिंकला, ना कोणी हरला. पण डिसेंबर २०२३ मध्ये समरकंदला असाच एक डाव कायम झाला आणि पंचांनी तो कायम राहू दिला नाही.

जागतिक ब्लिट्झ स्पर्धा होती. प्रत्येकाला तीन मिनिटे आणि दर चालीला वर दोन सेकंद. समोरासमोर रशियाचे दानिल दुबोव आणि यान नेपोम्नियाश्ची. दोघांनी एक प्यादेही पुढे सरकवले नाही. नुसते घोडे बाहेर काढले, पटावर नाचवले, परत फिरवले आणि हात मिळवून मोकळे झाले. डाव आधीच ठरलेला होता म्हणून दोघांनाही अर्ध्या गुणाऐवजी शून्य मिळाले. एकवीस फेऱ्यांनंतर कार्लसनचे गुण झाले १६ आणि दुबोवचे साडेपंधरा!

आम्ही पडलो शिक्षक. दोन उत्तरपत्रिका शब्दन्‌शब्द सारख्या निघाल्या की आम्हीही दोघांना भोपळाच देतो. म्हणून पंचांचा निर्णय आम्हाला पटला. मात्र एक गोष्ट खटकते. बर्लिन बचावातल्या पाठ केलेल्या चौदा चाली खेळून मोठमोठे खेळाडू बरोबरी घेतात, तेव्हा कोणी बोट उचलत नाही. तिथे सोंग नीट वठवलेले असते एवढेच. नक्कल करताना चार शब्द बदलणारा हुशार मुलगा आमच्याही हातून सुटतोच की.

पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर २०२४ला, न्यूयॉर्कमध्ये याच स्पर्धेचा अंतिम सामना झाला. कार्लसन आणि तेच नेपोम्नियाश्ची. चार डावांत २-२. पुढचे तीनही डाव बरोबरीत. मग दोघांनी विजेतेपद वाटून घ्यायचे ठरवले आणि संघटनेने ते मान्य केले. सात डाव घाम गाळून झालेली ही बरोबरी घोड्यांच्या नाचासारखी नव्हे, हे कबूल. तरी जगज्जेता एकच असावा म्हणून तर अंतिम सामना ठेवतात ना?

आठवीच्या वर्गात आम्ही दोन्ही किस्से सांगितले आणि हात वर करायला लावले. समरकंदचे शून्य बहुतेकांना मंजूर होते. न्यूयॉर्कच्या वेळी मात्र वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, वाटून घ्यायला वरूनच परवानगी मिळाली, तर ती नक्कल नाही?”

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. मुलगा मात्र उत्तरासाठी दारात थांबला होता.