नाकाचा पडदा

लग्नाला अडीच महिने उरले असताना कापड व्यापाऱ्याची मुलगी कान-नाक-घसा तज्ज्ञांपुढे बसली होती. लहानपणी पडल्याने तिच्या नाकाचा पडदा वाकडा झाला होता, नाकही किंचित कलले होते. प्रश्न मात्र आईच विचारीत होती. व्रण राहील का? लग्नाच्या छायाचित्रांत सूज दिसेल काय?

डॉक्टरांनी शांतपणे सांगितले. नाकावरची पट्टी साधारण आठवडाभर, डोळ्यांखालचा काळेनिळेपणा दोनेक आठवडे. नाक शिंकरायचे नाही, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवायचे, उशी उंच घ्यायची. नाकाचा अंतिम आकार दिसायला मात्र वर्षही लागते. वडील मनात मुदतीचा हिशोब मांडू लागले. व्यापाऱ्याला दुसरे काय सुचणार!

तेव्हा मुलगी प्रथमच बोलली, “डॉक्टर, मला रात्री तोंड मिटून झोपता येईल का?”

ती वर्षानुवर्षे तोंडाने श्वास घेत होती, हे घरात कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

“बहुधा येईल. पण सूज आणि खपल्या जाईपर्यंत पहिले काही आठवडे नाक चोंदलेलेच वाटेल.”

“लग्नाचे मागाहून पाहू,” वडील म्हणाले, “आधी शस्त्रक्रियेची तारीख द्या.”