होंजो ते गिन्झा : एका पेन-पेन्सिलीचा माग

जपानला जाऊन आलेली आपली माणसे कामाकुराच्या उघड्या आभाळाखालच्या बुद्धमूर्तीविषयी भरभरून सांगतात. कोयासान विद्यापीठात २०१५ साली बसवलेल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरचा फोटो दाखवतात. ते पाहावेच. पण टोकियोत एखादा दिवस हाताशी असेल तर तो पेन्सिलींसाठी काढावा, असे मी सुचवीन. वाचकहो, हसू नका. चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ घेऊन जाणाऱ्या समाजाला तरी पेन्सिलीचे हसू येऊ नये.

मी बोलतो आहे ती पेन-पेन्सिल. वरचे बटण दाबले की टिक टिक करत बारीक शिसे पुढे येते, ती. जपानात तिला ‘शापेन’ म्हणतात. त्यातही मला माग काढायचा होता तो हॅलो किटी, स्नूपी, मिकी, डोरेमॉन अशी चित्रे छापलेल्या, मोजक्याच निघणाऱ्या शापेनचा. कारण माझा पुतण्या टोकियोच्या निशी-कसाई भागात राहतो. तिथे भारतीयांची बरीच वस्ती आहे. त्याच्या बारा वर्षांच्या मुलीने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात अशा एकेचाळीस पेन्सिली जमवल्या आहेत. तिच्याकडून पहिला शब्द शिकलो तो ‘गेन्तेइ’. म्हणजे मर्यादित. काही पेन्सिली एका ऋतूपुरत्या, काही एकाच प्रांतापुरत्या, काही ठरावीक नगांपुरत्या. आतले यंत्र नेहमीचेच असते. बदलतो तो वरचा रंग आणि चित्र. चित्राच्या मालकाला त्याचा वाटा द्यायचा, एक खेप काढायची, ती संपली की संपली. किटीचे तर प्रांतोप्रांतीचे वेगळे रूप असते. होक्काइदोची किटी लॅव्हेंडरच्या फुलांत दिसते, आणि ती वस्तू घ्यायला होक्काइदोलाच जावे लागते. बापाला कामानिमित्त कुठे जावे लागले की मुलगी आधी विचारते, “तिथली किटी आणाल ना?” व्यापाऱ्याची अक्कल मोठी खरी!

पण या शापेनचे मूळ गाव शोधायचे तर दुकानात जाऊ नये. र्योगोकु स्टेशनवर उतरावे. सुमोच्या कुस्त्यांचे मोठे सभागृह स्टेशनाला लागूनच आहे. सुमिदा नदीच्या पूर्वेचा हा जुना होंजो भाग म्हणजे कारागिरांची, मजुरांची वस्ती होती. इथेच १९१२ साली तोकुजी हायाकावा नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने बहुतेक उसन्या भांडवलावर धातुकामाचे छोटे दुकान टाकले.

हायाकावांचे बालपण आपल्या वाचकांना परके वाटणार नाही. १८९३ चा जन्म. दोन वर्षांचे होण्याआधीच ते दुसऱ्या घरी दत्तक गेले. ते घर गरीब, आणि सावत्र आईचा जाच. रात्री उशिरापर्यंत काड्यापेटीची खोकी चिकटवायची. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या घरातली लहान मुले अशीच कंदिलाजवळ बसत. शाळा दुसरीच्या आसपासच सुटली. शेजारच्या एका अंध बाईंनी या मुलाचा हात धरून त्याला धातूचे दागदागिने करणाऱ्या कारागिराकडे नेऊन सोडले. सातआठ वर्षे तिथे उमेदवारी केली. पुढे मोठे कारखानदार झाल्यावर हायाकावांनी अंध कामगारांसाठी वेगळा कारखाना काढला, तो त्या बाईंची आठवण ठेवून.

१९१५ साली त्यांच्याकडे पेन-पेन्सिलीच्या आतल्या भागाचे काम आले. अशी पेन्सिल जगात पहिल्यांदा त्यांनीच केली, असे काही ठिकाणी लिहिलेले असते. ते खरे नव्हे. इंग्लंडात १८२२ सालीच तिचे पेटंट निघाले होते. पण त्या काळी बाजारात मिळणारी पेन्सिल नाजूक, लवकर मोडणारी. हायाकावांनी पितळेचा पक्का स्क्रू आणि धातूची नळी केली. टोपण फिरवले की शिसे पुढे सरके. घाऊक व्यापारी म्हणाले, धातू थंडीत हाताला गार लागतो, किमोनोवर शोभत नाही. मग युद्धामुळे जर्मन माल बंद झाला, योकोहामाच्या निर्यातदारांनी परदेशासाठी मोठी मागणी नोंदवली, आणि त्यानंतर घरच्या व्यापाऱ्यांनाही ती शोभू लागली. हे वाचून मला आपल्याकडची उदाहरणे आठवली, पण तो विषय वेगळा. ‘एव्हर-रेडी शार्प’ या तिच्या नावावरूनच शापेन हा शब्द आला. दुसरी न शिकलेल्या माणसाच्या मालाचे नाव आज जपानचे प्रत्येक शाळकरी मूल घेते.

१ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात आणि नंतरच्या आगीत हायाकावांची पत्नी, दोन्ही मुले आणि दोनशे कामगारांचा कारखाना गेला. कर्जापायी पेन्सिलीचे हक्क दुसऱ्या कंपनीला द्यावे लागले. ते ओसाकाला गेले आणि रेडिओ करू लागले. १९७० साली त्यांच्या कंपनीने नाव घेतले ‘शार्प’. गमावलेल्या पेन्सिलीचे.

र्योगोकुहून चालत जाता येईल अशा योकोआमिचो बागेत त्या भूकंपातील मृतांचे स्मारक आहे. या एका जागेवर आसऱ्याला आलेली सुमारे ३८,००० माणसे आगीत मेली. तिथे अस्थी ठेवल्या आहेत, मागे तीन मजली पगोडा आहे. याच बागेत एका बाजूला १९७३ साली उभारलेला आणखी एक दगड आहे. भूकंपानंतर ‘कोरियन लोकांनी विहिरीत विष टाकले’ अशी अफवा उठली आणि जमावाने कोरियन मजुरांना ठार मारले. त्यांच्यासाठी तो दगड. विहीर आणि विटाळ यांचा इतिहास ज्यांच्या घरात आहे, त्यांना तिथे उभे राहिल्यावर दुभाष्या लागत नाही. मुलगी माझ्याबरोबर होती. तिने तिच्या वहीत त्या दगडावरचे साल उतरवून घेतले. किटीच्या पेन्सिलीनेच.

तिथून गिन्झाला गेलो. हा टोकियोचा झगमगाटी भाग. इतोया हे १९०४ साली सुरू झालेले लेखनसाहित्याचे दुकान, बाहेर तांबड्या कागदी क्लिपची खूण. हायाकावांच्या पेन्सिली त्या काळी घेणाऱ्या दुकानांत हेही होते. आज मजल्यामागून मजले कागद, शाई आणि पेने. टोकियोतल्या अशा दुकानांतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट फुकटची होती. पेन्सिलींच्या मांडणीपाशी कोऱ्या कागदाचा गठ्ठा ठेवलेला असतो. कुणीही यावे, लिहून पाहावे. पुसट रेघा, कुणाचे नाव, मांजराचे तोंड. मी ‘जयभीम’ लिहिले. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वाकून शिरोरेघ पाहिली आणि मान डोलावली.

तिथे ‘कुरु तोगा’ हातात घेतली. मित्सुबिशी पेन्सिल कंपनीने ती २००८ साली काढली. (मोटारींच्या मित्सुबिशीशी हिचा काही संबंध नाही. १८८७ पासूनची वेगळी कंपनी.) पेन-पेन्सिलीचे शिसे एका बाजूने झिजते आणि अक्षर जाड होत जाते. या पेन्सिलीत बारीक दातेरी चाके आहेत. टोक कागदावर टेकून उचलले की शिसे नऊ अंश फिरते, म्हणजे चाळीस वेळा टेकले की एक फेरा. जपानी अक्षरांत हात सारखा उचलावा लागतो, म्हणून ही युक्ती. आपल्या देवनागरीलाही ती मानवते, कारण काना, मात्रा, वेलांटी, शिरोरेघ यांसाठी आपणही हात उचलतोच. चित्रांची कुरु तोगा आपल्या हिशेबाने तीन-साडेतीनशे रुपयांच्या घरात जाते. मजुरी करणाऱ्या घराला ही किंमत लहान नाही, हे मला कुणी सांगायला नको.

एक गंमत अशी की ही पेन्सिल ज्यांच्यासाठी रंगवलेली, त्या लहान मुलांना ती बरेचदा शाळेत नेता येत नाही. जपानच्या पुष्कळ प्राथमिक शाळांत साधी लाकडी पेन्सिलच चालते. हात वळावा, दाब कळावा म्हणून. विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक परीक्षेतही उत्तराचे गोल साध्या पेन्सिलीनेच भरायचे, शापेन फक्त कच्च्या आकडेमोडीला. पेन्सिलीवर सुभाषित छापलेले असले तरी चालत नाही. तरी युशिमाच्या विद्यादेवाच्या देवळात परीक्षेसाठी खास पेन्सिली विकल्या जातात आणि पालक रांगेने घेतात. पेन्सिलीला नवस बोलणे इकडचे काय, तिकडचे काय. त्यापेक्षा डोरेमॉन शहाणा. त्याच्या पहिल्याच पुस्तकात आपोआप उत्तरे लिहिणाऱ्या पेन्सिलीची गोष्ट आहे. नोबिता ती परीक्षेत वापरत नाही. दांडगा जियान वापरतो, पैकीच्या पैकी गुण मिळवतो आणि बापाचा मार खातो.

परतायच्या आदल्या रात्री मी पुतण्याच्या मुलीला सांगितले, आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत अठरा मुले बसतात. तिचा नियम असा की आवडती पेन्सिल दोन घ्यायच्या. एक लिहायला, एक पाकिटात जपायला. डबा उघडून ती बराच वेळ बसून राहिली. मी काही बोललो नाही. जमवणे म्हणजे नुसता हव्यास, असे मला वाटत नाही. तिने प्रत्येक पाकिटावर तारीख आणि गाव लिहून ठेवले होते, आणि ती नोंदवहीच होती एक प्रकारची. शेवटी तिने पाकिटातल्या अकरा काढून दिल्या. होक्काइदोची दिली नाही. उरलेल्या सात मी साध्या, बिनचित्राच्या घेतल्या.

अभ्यासिकेत चिठ्ठ्या टाकल्या. अट एकच घातली, पाकीट तिथेच फोडायचे. ०.५ चे शिसे आपल्याकडे कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते, त्यामुळे अडचण आली नाही. आठवीतल्या एका मुलीच्या वाट्याला किटी आली होती. सहामाही परीक्षेपर्यंत तिच्या बोटांखालचा किटीचा एक कान पुसून गेला. परवा ती शिशाची नवी डबी मागायला आली होती, या वेळी बी शेडची हवी म्हणाली. एचबी फिकी उमटते.