पी, आर, एन, डी आणि एक दगड

धुळ्याच्या माणसाला आकड्यांचे वावडे नाही. जुन्या धुळ्यातल्या गल्ल्यासुद्धा नंबरांनी ओळखल्या जातात. चार नंबरच्या गल्लीत वाढलेला माणूस चौथा गिअर विसरेल कसा?

पूर्वी प्रीमियर पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असे. 1983 साली मारुती 800 आली, दांडा दोन सीटांच्या मधे गेला आणि पुढे बसणारा तिसरा पाहुणा मागे गेला. पाहुणा रुसला, पण आकडे शाबूत राहिले.

मग ऑटोमॅटिक आली. आकडे गेले, अक्षरे आली. पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे पुढे. ही बाराखडी नीट बसायला खुद्द अमेरिकेत जवळपास तीस वर्षे लागली, बरे का! 1940 च्या ओल्ड्समोबाइलमध्ये सावकाश पुढे जायच्या खुणेला खेटूनच मागे जायची खूण होती. 1956 मध्ये क्रायस्लरने दांड्याऐवजी बटणे दिली. 1958 च्या एड्सेलमध्ये तर बटणे स्टिअरिंगच्या मधोमध, म्हणजे सवयीने हात हॉर्नसाठी जातो तिथेच! आपल्या आग्रा रोडवर ही गाडी किती वेळ टिकली असती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. अखेर 1968 मध्ये तिथल्या सरकारने नियमच केला, की पुढे आणि मागे यांच्या मधे एन हवाच.

एवढे होऊनही माणसाला स्वस्थ बसवत नाही. कुठे गोल चकती आली, कुठे दांडा पडद्यावर गेला. एका अमेरिकन कंपनीचा दांडा तर ढकलला की परत मधेच येऊन उभा राही. गाडी पी मध्ये आहे की नाही, हे हाताला कळेना. लोक खाली उतरत आणि गाडी आपली चालू लागे! माणसे जखमी झाली. 2016 मध्ये अशा अकरा लाखांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

आपल्याकडे 2014 साली सेलेरिओने ऑटोमॅटिक स्वस्त केली, पण तिच्यात पी नव्हता. बंद करताना गाडी गिअरमध्ये ठेवून हॅन्डब्रेक ओढायचा. आमच्या काकांना हे पटत नाही. लळिंगच्या घाटात चहाला थांबलो की ते चाकामागे दगड लावतात. दगडावर अक्षर नाही, दिवा नाही. पण लावला की लावलेला दिसतो.

फक्त निघताना तो काढायची आठवण काकूंना करून द्यावी लागते.