ठळक अक्षराचे स्थान

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांचे बहुतेक ताम्रपट पेटिकाशीर्षक लिपीत कोरलेले आहेत. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहानशी चौकोनी पेटी आणि वळणे कोनदार, असे तिचे रूप. राजाज्ञेला शोभणारा हा भारदस्तपणा आहे. मात्र भार माथ्यावर असून अक्षराचे अंग सडपातळ राहते.

आज संगणकावर तसाच रुबाब ‘टेको’ या टंकात दिसतो. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा चौकोनी देवनागरी टंक २०१४ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. येथे मात्र ठळकपणा अक्षराच्या सर्वांगात भरलेला असतो. व्याख्यानाचा फलक, नियतकालिकाचे मुखपृष्ठ, दोन-तीन शब्दांचे शीर्षक यांना तो शोभतो. दुरूनही नजर धरून ठेवतो.

परंतु विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकावर संपूर्ण कविता याच टंकात दिसली, की आम्ही अस्वस्थ होतो. घ आणि ध, म आणि भ यांतील भेद शिरोरेषेतल्या लहानशा खंडावर आणि गाठीवर तोललेला असतो. ठळक अक्षर बारीक आकारात छापले, की तो भेदच बुजतो. त्याहून मोठी हानी लयीची होते. प्रत्येक शब्द सारख्याच आवेशाने समोर आल्यावर कवीने आवाज कोठे खाली आणला, हे उमगत नाही. हळुवार ओळीचीही घोषणा होते. कवितेचे नाव खुशाल ठळक असावे. कविता मात्र हलक्या, गोलाईदार टंकात, ओळींमध्ये पुरेशी जागा सोडून लावावी, असे आम्ही वर्गात आवर्जून सांगतो.