उसाचा हिशेब

सांगलीकडच्या एका ऊसकरी घरात 2009 सालची मोटार आहे. लेकीची पाठवणी याच गाडीतून झालेली, त्यामुळे आप्पांचा तिच्यावर भारी जीव. पण अलीकडे गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागली. मुलगा म्हणाला, "विकून टाकूया." आप्पा गप्प झाले.

गावातल्या मेकॅनिकने टाकी उघडून कारण सांगितले. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही उसापासूनही होते. त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून मायलेज थोडे घटते. ऑक्टेन मात्र जास्त, त्यामुळे इंजिन ठोकत नाही. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर पाणी टाकीच्या तळाशी साचते. जुन्या रबरी नळ्याही त्याने फुगतात, चिरतात.

आप्पांनी नळ्या आणि फिल्टर बदलून घेतले. गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर काढायचे ठरले. खर्चाचा आकडा पाहून मुलाने कपाळाला हात लावला. आप्पांनी कारखान्याकडून आलेल्या ऊसबिलातून पैसे मोजून दिले आणि म्हणाले, "उसानं दुखणं दिलं, औषधही त्यानंच द्यावं!"